ओढ्याचं पाणी वाडीपर्यंत: दोन उन्हाळे, तीन ठराव आणि ६४० मीटर पाइप

पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला आंबी नदीला मिळणारे कितीतरी लहान ओढे आहेत. त्यातल्याच एकाच्या उगमापासून ४१ घरांच्या वाडीपर्यंत, मोटार न लावता, नुसत्या उताराने पाणी आणायचं काम ९ फेब्रुवारी २०२५ ला पुरं झालं. सुरुवात १४ मे २०२३ ला एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन झाली होती. मधल्या एकवीस महिन्यांत प्रत्यक्ष कामाचे दिवस भरले ३७. बाकीचे कागदांचे, पावसाचे आणि आचारसंहितेचे. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात असं काम काढायचं कुणाच्या मनात असेल तर आमची वही उपयोगी पडावी म्हणून हे लिहितोय.

या ओढ्याचं पाणी पानशेतच्या जलाशयात जातं, तिथून खडकवासल्याला आणि पुढे पुण्याच्या नळाला. वाडीतल्या बायका मात्र मार्च उजाडला की दीड किलोमीटर खाली ओढ्यातल्या डबऱ्यावर हंडे घेऊन जायच्या. शेवटचे दोन किलोमीटर रस्ता असा की टँकर वर येतच नाही. कागदोपत्री टँकर मंजूर असून उपयोग काय?

आधी बादली

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात. दिवाळीत ओढा खळाळताना बघायचा, त्यावर अंदाज बांधायचा आणि पाइप आणायचा. सह्याद्रीतले ओढे डिसेंबरात दाखवतात ते मे महिन्यात देत नाहीत. म्हणून मोजायचं ते मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, वळवाच्या सरी यायच्या आत आणि सकाळी सातच्या आधी, कारण उन्हं चढली की काठची झाडं पाणी ओढतात आणि धार बारीक होते.

पद्धत सोपी आहे. झऱ्याच्या तोंडाशी चिखल-दगडांचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाइपच्या तुकड्यातून काढायचं. बांधाखालून झिरपतंय का ते बघायचं, झिरपत असेल तर ओल्या मातीने चोंदायचं. पाणी स्थिर व्हायला अर्धा तास द्यायचा. मग १० लिटरची बादली लावून पाच वेळा वेळ घ्यायची आणि सरासरी काढायची. बादलीवर १० लिटर लिहिलेलं असलं तरी एकदा लिटरच्या मापाने भरून खूण करून घ्या. आमची बादली काठोकाठ भरल्यावर साडेअकरा लिटर निघाली.

१४ मे २०२३ ला १० लिटरला ४८ सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटर, दिवसाला १८,००० लिटर. वाडीची माणसं १८६. जलजीवन मिशनच्या मापाप्रमाणे माणशी ५५ लिटर धरले तर १०,२३० लिटर. लहानमोठी ७० जनावरं, प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे २,८०० लिटर. एकूण १३,०३०. उरतात पाच हजार. कागदावर छान जमलं.

मग २०२३ च्या पावसाने ओढ दिली. त्या सालचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्याचा हिशेब झऱ्याने पुढच्या उन्हाळ्यात दाखवला: १२ मे २०२४ ला तीच बादली भरायला ५५ सेकंद. दिवसाला जेमतेम १५,७०० लिटर. उरलेले पाच हजार आता २,७०० वर आले. पहिल्याच उन्हाळ्यात काम उरकलं असतं तर खालच्या अंगाचा ओढा आम्हीच कोरडा केला असता आणि ते कळायलाही वेळ लागला असता. दोन मे मोजल्याशिवाय पाइपचं माप ठरवू नये, हे आम्ही ठरवून शिकलो नाही, कागदं अडकली म्हणून शिकलो.

झरा तिथेच का फुटतो हेही बघून ठेवावं. इकडचा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. वरचा थर भेगाळलेला, मुरमाड. त्यातून पाणी मुरतं. त्याखाली घट्ट काळा कातळ किंवा तांबड्या मातीसारखा गेरूचा थर आला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत बाहेर पडतं. आमचा झरा अशाच तांबड्या पट्ट्यावर, वाघजाईच्या देवराईत, एका उंबराच्या मुळाशी आहे. त्याच पट्ट्याच्या उंचीवर डावी-उजवीकडे चालत गेलं की आणखी दोन ओल्या जागा दिसतात. म्हणजे झऱ्याचं धरण तोंडाशी नसतं, वरच्या सड्यावर असतं. तिथली झाडी तुटली किंवा सडा यंत्राने सपाट झाला तर खालची पेटी सोन्याची बांधली तरी उपयोग नाही. पुण्यात अॅक्वाडॅम ही संस्था झऱ्यांवर बरीच वर्षं काम करतेय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिकही जागा बघून लेखी अभिप्राय देतात. तो अभिप्राय पुढे प्रत्येक टेबलावर लागतो, म्हणून आधीच घ्या.

कागद

जून ते ऑगस्ट २०२३ नकाशात गेले. गाव नमुना सात-बारा, गट नकाशा आणि वन विभागाची हद्द एकावर एक ठेवल्यावर कळलं की झरा आणि पाइपचे वरचे ४१० मीटर वनजमिनीत आहेत, खालचे २३० मीटर पाच खातेदारांच्या मालकीत.

मालकीचं आधी सांगतो, कारण ते सोपं वाटतं. पाचपैकी चार जणांनी १०० रुपयांच्या स्टँपवर संमती आठवड्यात दिली. (ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टँप बंद झालाय, आता ५०० चा घ्यावा लागतो.) पाचव्या गटाच्या सात-बारावर असलेले आजोबा हयात नव्हते आणि वारस नोंद झालेली नव्हती. चार वारस, दोन पुण्यात, एक मुंबईत. नातवाची सही चालेल का? चालत नाही. वारस नोंदीचा फेरफार मंजूर होऊन नवा उतारा हातात यायला तीन महिने गेले. तेव्हा पाइपची रेघ मारायच्या आधी प्रत्येक गटाचा ताजा उतारा काढा आणि त्यावरची नावं हयात माणसांची आहेत का ते घरी जाऊन विचारा. संमतीपत्रात पाइप जमिनीखाली किती खोल असेल, दुरुस्तीला यायची मुभा आणि नांगरताना तुटला तर खर्च कुणाचा, ही तीन वाक्यं हवीतच. नाहीतर पहिल्याच पेरणीला भांडण.

आता वनजमीन. सगळ्यांनी घाबरवलं होतं की वनाची परवानगी म्हणजे दिल्लीपर्यंत फाइल. तसं नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता वगैरे. त्यात पिण्याचं पाणी आणि पाण्याच्या पाइपलाइन हे स्पष्ट लिहिलंय. अट अशी की प्रत्येक कामाला वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एवढं बसत असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची लांब वाट धरावी लागत नाही. आमचा हिशेब: ४१० मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद चर म्हणजे २०५ चौरस मीटर, पेटीसाठी ३ बाय ३ चे ९. एकूण २१४ चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांच्या जरासं वर. झाडं शून्य.

तरीही तीन ठराव लागले, ते असे. १५ ऑगस्ट २०२३ ची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली; लावणीचे दिवस, कोण येणार? २ ऑक्टोबरला ठराव झाला, पण त्यात 'वाडीस पाणी आणणेस मंजुरी' एवढंच वाक्य. कलम नाही, क्षेत्र नाही, गट आणि वनकक्ष क्रमांक नाही, झाडं तोडणार नाही असा शब्द नाही. प्रस्ताव परत. शिवाय पंचायतीच्या ग्रामसभेची गणपूर्ती आणि वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी आहे हे आमच्या लक्षातच नव्हतं. पंचायत कायद्यात १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी ते पुरतं. वनहक्क नियमांत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. २६ जानेवारी २०२४ ला आम्ही आदल्या दिवशी घरोघर फिरून, हजेरीपटावर बायकांच्या सह्या वेगळ्या रकान्यात घेऊन ठराव केला. तो टिकला.

एक गंमत म्हणजे अर्ज कुणाच्या नावाने जातो यावरही एक महिना गेला. पहिला ग्रामपंचायतीच्या नावाने गेला होता. 'काम करणाऱ्या खात्यामार्फत सादर करावा' असा शेरा घेऊन तो परत आला. मग जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाने नमुना-अ भरून वनपरिक्षेत्र कार्यालयात दिला. ज्या खात्याच्या शिक्क्याने अर्ज जाणार त्या खात्याच्या शाखा अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांनाही मग तो परका वाटत नाही. परिक्षेत्र अधिकारी मार्चच्या पहिल्या आठवड्यात जागेवर आले, चालत वर झऱ्यापर्यंत गेले, जीपीएसवर रेघ घेतली, पंचनामा झाला, नमुना-ब मध्ये त्यांचं मत गेलं. आदल्या दिवशी आम्ही पूर्ण रेघेवर दर दहा मीटरला चुन्याचा ठिपका आणि रेघेशेजारच्या मोठ्या झाडांना सुतळी बांधून ठेवली होती. त्यामुळे पाहणी दोन तासांत उरकली.

उपवनसंरक्षकांचं पत्र जून २०२४ मध्ये आलं. अटी: यंत्र नाही, फक्त हातहत्यारं, झाड तोडणं नाही, काम सूर्योदय ते सूर्यास्त, जमिनीचा दर्जा वनच राहील, उरलेली माती परत चरात. सगळ्या मान्य करण्यासारख्या. त्या पत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कामावर रोज जवळ ठेवा, गस्तीवरचा वनरक्षक बदलला की विचारणा होतेच.

पैसे पंधराव्या वित्त आयोगाचे. त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच खर्चायचा होता, आणि त्याचा निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेलं नसेल तर पैसा असून खर्चता येत नाही. आमचं काम पुरवणी आराखड्यात घालावं लागलं. मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता. मध्ये १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत. सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत १५ ऑक्टोबरला विधानसभेची. कामाचा आदेश २ डिसेंबर २०२४ ला निघाला. ज्या वर्षी निवडणूक आहे त्या वर्षी मान्यता दसऱ्याच्या आत पदरात पाडून घ्यावी, एवढंच म्हणता येईल.

तिसरा ठराव १५ ऑगस्ट २०२४ चा, आणि माझ्या मते तिन्हींत महत्त्वाचा तोच. ५५ सेकंदांचा आकडा सगळ्यांसमोर ठेवला. ओढ्याच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची सात घरं आहेत, ती त्याच डबऱ्यावर पाणी भरतात, रानातली जनावरंही तिथेच येतात. असं ठरलं की पेटीतून बाहेर पडणारं जास्तीचं पाणी कधीच अडवायचं नाही, टाकीत तरंगता व्हॉल्व्ह बसवायचा नाही, टाकी भरली की पाणी जनावरांच्या हौदात आणि तिथून परत ओढ्यात. आणि झऱ्याची बादली ६० सेकंदांवर गेली की वाडीने जनावरांचं पाणी नळावरून बंद करून ती खाली न्यायची. खालच्या सात घरांतल्या दोन बायकांची नावं पाणी समितीत घातली.

पेटी

१२ डिसेंबरला नारळ फोडून सुरुवात केली. देवराईत चपला घालून जायचं नाही हा वाडीचा नियम, गवंड्यांनाही लागू. सिमेंट, कच, लोखंडी झाकण, सगळं डोक्यावरून वर गेलं.

झऱ्याची पेटी म्हणजे आतून एक मीटर लांब, एक रुंद, एक खोल अशी दगडी खोली. तळ सिमेंटचा करायचा नाही जिथून पाणी येतं त्या बाजूला. ती भिंत कोरड्या दगडांची, मागे मोठी खडी, त्यामागे बारीक, म्हणजे पाणी गाळून आत येईल. बाकी तीन बाजू सिमेंटात. काम चालू असताना झऱ्याचं पाणी एका तात्पुरत्या पाइपने बाजूने काढून द्यावं लागतं, नाहीतर सिमेंट वाहून जातं. पहार जपून चालवायची. झऱ्याच्या तोंडाशी जोरात घाव घातला आणि तांबड्या थराला भोक पडलं तर पाणी खाली निघून जाऊ शकतं. सुरुंग तर नावालाही नको.

नळ चार. वाडीकडे जाणारा तळापासून १५ सेंटिमीटर वर, तोंडाला जाळी. तळाशी धुण्याचा, त्याला टोपी. वर हवेसाठी वाकडा, जाळीचा. आणि चौथा जास्तीचं पाणी बाहेर काढणारा, ६३ मिलिमीटरचा. गडबड झाली ती या चौथ्यात.

गवंड्याने तो झऱ्याच्या डोळ्यापेक्षा, म्हणजे जिथून पाणी फुटतं त्या तोंडापेक्षा, वीतभर वर ठेवला. त्याचं म्हणणं, पेटीत पाणी जास्त साठेल, खाली जोर मिळेल. ऐकायला बरोबर वाटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत येणारी धार निम्मी झालेली. डावीकडे चार मीटरवर, कारवीच्या बुडाशी, आदल्या दिवशीपर्यंत कोरडी असलेली माती ओली दिसली. गवत काढायला आलेल्या एका आजींनी आधी बघितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्येच्या तोंडावर पानी उभं केलंसा, त्ये दुसरीकडनं जानारच की." अगदी तेच झालं होतं. पेटीतलं पाणी डोळ्याच्या वर चढलं की त्याचा भार मागच्या भेगांवर येतो, आणि पाणी त्याच तांबड्या पट्ट्यावरून सरकत जिथे अडथळा कमी तिथे फुटतं. छिन्नीने भिंत फोडून नळ डोळ्याच्या पाच सेंटिमीटर खाली आणला. दोन दिवसांत धार परतली, पण कारवीखालची ती जागा जानेवारीपर्यंत पाझरत होती. नशिबाने ती मोठी झाली नाही. हे माप गवंड्याला तोंडी सांगू नका. झऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर कातळात खिळा ठोका, त्याला दोरी बांधा आणि 'या दोरीच्या खाली' असं दाखवा.

पेटीच्या वरच्या बाजूला आठ मीटरवर अर्धचंद्राकार चर खणला, पावसाचं गढूळ पाणी वळवायला. त्यापलीकडे करवंदीच्या काट्यांचं कुंपण, जनावरं वर चढू नयेत म्हणून.

पाइप

झरा ते टाकी उंचीतला फरक ३८ मीटर. मोबाइलने आधी ५१ दाखवला होता, त्यावर विसंबू नका. गवंड्याची पारदर्शक नळी, ट्यूब लेव्हल, घेऊन दोन माणसांनी काठ्यांवर टप्प्याटप्प्याने उतरत यायचं. एक दिवस जातो आणि आकडा खात्रीचा मिळतो.

पाइप ३२ मिलिमीटरचा एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचा घेतला. दुकानदार ४० चा घ्या म्हणत होता, पुढे कामाला येईल म्हणून. पण मिनिटाला बारा लिटर पाण्याला ३२ मध्ये ६४० मीटरवर घर्षणात साडेचार-पाच मीटर उंची जाते, आपल्याकडे ३८ आहे. ४० चा घेतला तर पाणी आणखी संथ चालतं, गाळ तळाला बसतो. मोठा पाइप घेतल्याने झरा मोठा होत नाही. दाबाचा वर्ग मात्र बघून घ्या. आमचा पाइप मध्ये एका नाळेत उतरतो, ती जागा झऱ्यापेक्षा ५० मीटर खाली. खालचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला तर तिथे ५ किलोचा दाब येतो. ६ किलोचा पाइप काठावर पास झाला असता, आम्ही ८ चा घेतला.

गुंडाळी आदल्या दिवशी उन्हात सोडून ठेवली की पाइप सरळ होतो. पण जोड उन्हात करू नका. एचडीपीई तापला की लांबतो: १०० मीटरला २० अंशांच्या फरकाने ३५ ते ४० सेंटिमीटर. दुपारी ताणून जोडलेला पाइप रात्री आखडतो आणि कपलरमधून सुटतो. जोड सकाळी, आणि चरात पाइप सापासारखा थोडा नागमोडी. वीज नसल्याने सगळे जोड पिळाच्या कपलरचे. पाइप काटकोनात कापायचा, कड पातीने घासायची, किती आत जायला हवा तिथे मार्करने खूण करायची.

चर ६० सेंटिमीटर खोल. उघडा पाइप फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात मेणासारखा वितळतो, आणि साळिंदर कुरतडतं ते वेगळंच. जिथे कातळ लागला आणि खोदणं शक्य नव्हतं, त्या नाळेच्या ३६ मीटरमध्ये जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप क्लँपने आवळला.

४ फेब्रुवारीला शेवटचा जोड झाला, वरून पाणी सोडलं, खाली टाकीशी सगळी वाडी उभी. पाणी आलंच नाही. पाच तारखेलाही नाही. गळती शोधत सगळी रेघ दोनदा चाललो. शेवटी २१० मीटरवर, जिथे पाइप एका उंचवट्यावरून जातो, तिथे माती काढून हातोडीच्या दांड्याने ठोकलं, आवाज पोकळ. हवा अडकली होती. पाणी जोरात वाहत असेल तर हवेचे बुडबुडे ढकलत नेतं, आमच्या बारीक धारेत ती ताकद नाही. तिथे टी बसवून अर्धा इंची कॉक लावला. उघडल्यावर बरीच मिनिटं नुसती फुसफुस, मग थुंकी, मग धार. पुन्हा भरताना क्रम असा ठेवला: नाळेतला धुण्याचा व्हॉल्व्ह उघडा, वरून हळू पाणी सोडा, स्वच्छ आलं की बंद करा, मग उंचवट्यावरचा कॉक, शेवटी टाकी. ९ तारखेला सकाळी टाकीत पाणी पडलं. उंचवटे रेघ मारतानाच टाळता आले तर टाळा, नाहीतर कॉक आधीच धरा.

टाक्या, टीसीएल, पैसे

रात्रीच्या दहा तासांत साडेसहा-सात हजार लिटर जमतात, ते सकाळी उपसले जातात. म्हणून एक मोठी टाकी न घेता ५,००० च्या दोन घेतल्या. एक धुवायला काढली तरी दुसरी चालू राहते.

मे २०२४ मध्ये डबऱ्याचं पाणी प्रयोगशाळेत दिलं तेव्हा जिवाणू निघाले होतेच. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्यायची, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवायची. पेटी झाल्यावरही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागतंच. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला २५. ते सरळ टाकीत टाकायचं नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची नितळ निवळी टाकीत ओतायची, किमान अर्धा तास थांबायचं. वाडीत हे रात्री करतात. सकाळी शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायला. पिवळा रंग आला तर ठीक, आला नाही तर टीसीएल जुनं झालंय. उघडं पोतं महिन्याभरात दम सोडतं, म्हणून डब्यात घट्ट बंद आणि अंधारात.

खर्च असा: पाइप ७०० मीटर ३३,६००, जीआय ७,९००, टाक्या ६९,०००, टाक्यांचा चौथरा ४१,०००, पेटीचं साहित्य २२,४००, व्हॉल्व्ह-जोड ११,३००, आठ नळकोंडाळी १६,०००, टेंपो ६,५००, गवंडी १८,०००, पाणी तपासणी १,८००, झेरॉक्स, उतारे, स्टँप, एसटी ३,९००. एकूण २,३१,४००. त्यात निधीचे २,०९,०००, घरटी ५०० प्रमाणे २०,५००, उरलेले १,९०० तरुण मंडळाने घातले. चर खणणं आणि डोक्यावरची ओझी श्रमदानात, ती यात धरलेली नाहीत. निधीतून बिल निघायला मोजमाप पुस्तिकेत नोंद लागते, म्हणून चर बुजवायच्या आधी अभियंत्यांना बोलवा. आम्ही ६० मीटर घाईने बुजवले होते, ते दोन ठिकाणी परत उकरून दाखवावे लागले.

महिन्याला घरटी ३० रुपये जमतात. त्यातले ८०० टाक्या आणि टीसीएल बघणाऱ्या दोघींना, बाकी जोड-वॉशरला.

६ मे २०२५ ला बादलीला ५० सेकंद लागले. जास्तीच्या नळातून करंगळीएवढी धार खाली चालू होती, डबऱ्यात घोट्यापर्यंत पाणी. त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकीत येणारं पाणी अचानक थांबलं. पेटीच्या नळाच्या जाळीला एक मुठा (ओढ्यातला खेकडा) आणि उंबराची चार पानं चिकटून बसली होती. काढायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा वर चढायला. आता जाळीवर दुसरी, मोठ्या भोकांची टोपी आहे आणि पेटीच्या कुलपाची एक चावी खालच्या सात घरांतल्या पहिल्या घरात असते.